पेडल नसलेली सायकल : कार्ल ड्राइस यांची धावगाडी

[दृश्य : पहाटेचा रिकामा रस्ता. चाकांच्या लोखंडी धावेचा खडखडाट आधी ऐकू येतो, गाडी मागून दिसते.]

गुरुवार, १२ जून १८१७. जर्मनीतल्या बाडेन राज्यातलं मानहाइम शहर. बत्तीस वर्षांचे एक सरकारी वनाधिकारी घरातून लाकडी गाडी बाहेर काढतात. दोन चाकं, एकामागे एक. पेडल नाही, चेन नाही. तिच्यावर टांग टाकून, एकेका पायाने जमीन मागे रेटत ते श्वेटसिंगनच्या रस्त्याला लागतात. वाटेत टपालगाडीचे घोडे बदलायचं ठाणं आहे. तिथवर जाऊन परत येतात. जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटर, तेही तासाच्या आत.

हे कार्ल फॉन ड्राइस. जन्म कार्ल्सरूहचा, २९ एप्रिल १७८५. वडील बाडेनमधले बडे न्यायाधीश. कार्ल हायडेलबर्गला गणित, भौतिकशास्त्र आणि वास्तुकला शिकले, वनखात्यात लागले. पण १८११ पासून पगारी रजेवर मानहाइमला राहून यंत्रंच जुळवत बसले.

१८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, ओट्स महागले, घोडे पोसवेनात, म्हणून ड्राइसनी सायकल शोधली, ही गोष्ट हल्ली हमखास सांगितली जाते. तर्क म्हणून ठीक आहे. पण माणसाच्या बळावर चालणारी त्यांची पहिली गाडी १८१३ ची, म्हणजे तांबोराच्या आधीची. ती चारचाकी होती, बसलेल्यांनीच यंत्रणा फिरवून चालवायची. अशा गाडीचं दुखणं रस्त्यावर कळतं : चार चाकांना रस्त्याची रुंद पट्टी लागते, आणि त्यातलं एक तरी खड्ड्यात नाहीतर चिखलात असतंच. दोन चाकं एका रेषेत आणली की हातभर रुंदीची बरी वाट पुरते.

[दृश्य : गाडीचं जवळून चित्रण. कॅमेरा मागच्या चाकापासून पुढे सरकतो.]

आता गाडी नीट बघा. मधे एक लाकडी दांडा. त्यावर गादीचं खोगीर; उंची अशी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. चाकं लाकडाची, आऱ्यांची, सुमारे सत्तावीस इंची. बाहेरून बैलगाडीला असते तशी लोखंडी धाव. तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, पितळी बुश; त्यामुळे कणा लाकडावर घासत नाही आणि चाक मोकळं फिरतं. मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक. एवढं सगळं मिळून वजन बावीस किलोच्या आसपास. आजची साधी काळी सायकलही फार हलकी नसते.

खोगिरापुढे ही आडवी गादीची फळी दिसते, ती कोपर टेकवायला. त्याच्यापुढे सुकाणूचा दांडा. बघणाऱ्यांना वाटायचं, दांडा फक्त वळायला आहे. खरं काम वेगळंच. गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक किंचित डावीकडेच वळवायचं. चाकं पुन्हा अंगाखाली येतात आणि गाडी सावरते. नवखा माणूस घाबरून उलट्या बाजूला वळवतो आणि पडतो. सायकल शिकणारं पोर आजही नेमकं इथेच पडतं.

ड्राइसनी आणखी एक गोष्ट साधली होती. पुढचं चाक ज्या खिळ्याभोवती वळतं तो खिळा पुढे आहे, आणि चाक जमिनीला टेकतं ती जागा त्याच्या मागे. त्यामुळे चाक खिळ्याच्या मागून ओढलं जातं, आपसूक सरळ होत राहतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची पुढची चाकं ढकलल्यावर वळून मागे जातात, तोच प्रकार. पेडलं १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये आली. पण दोन चाकांवर तोल धरता येतो, हे तोवर सिद्ध झालेलं होतं. सायकलचा अवघड अर्धा भाग हाच, असं आमचं मत.

मग गाडी का रुळली नाही? चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यात पुढचं चाक अडकलं की ते वळवता येत नाही, आणि वळवता आलं नाही की तोल गेलाच. म्हणून स्वार गुळगुळीत फुटपाथवर चढले आणि पायी चालणाऱ्यांच्या अंगावर जाऊ लागले. मानहाइमने डिसेंबर १८१७ मध्येच फुटपाथवर बंदी घातली; १८१९ मध्ये लंडननेही तेच केलं. वर बुटांचे तळ झिजायचे ते वेगळेच.

१२ जानेवारी १८१८ ला बाडेनच्या ग्रँड ड्यूकने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, ड्राइसना या गाडीचा दहा वर्षांचा हक्क दिला. तो बाडेनपुरता. लंडनच्या डेनिस जॉन्सन यांनी त्याच वर्षी सुधारित नमुन्याचं पेटंट घेतलं. ड्राइसना प्राध्यापक ही पदवी आणि निवृत्तिवेतन मिळालं. गाडीने पैसा दिला नाही.

[दृश्य : मानहाइमची जुनी चित्रं.]

मार्च १८१९ मध्ये मानहाइमला नाटककार कोत्सेबूचा खून झाला. खुनी विद्यार्थी कार्ल झांड याला मृत्युदंड झाला आणि झांडच्या चाहत्यांचा राग न्यायाधीशांच्या मुलावर, म्हणजे ड्राइसवरही निघाला. १८२२ ते १८२७ ड्राइस ब्राझीलमध्ये होते. परतल्यावर टाइपरायटरसारख्या यंत्रांवर काम सुरू राहिलं. बाडेनमधल्या १८४९ च्या लोकशाहीवादी क्रांतीत त्यांनी सरदारकी सोडली, स्वतःला ‘नागरिक कार्ल ड्राइस’ म्हणवून घेतलं. प्रशियाच्या फौजेने क्रांती मोडल्यावर निवृत्तिवेतन जप्त झालं. १० डिसेंबर १८५१ ला कार्ल्सरूहमध्ये ते गरिबीतच वारले.

[दृश्य : रुळांवरून जाणारी हातट्रॉली.]

पुढे सायकलला व्हेलोसिपीड म्हणू लागले, मग बायसिकल. ड्राइस हे नाव त्यांच्या गाडीवरून निघून रेल्वेच्या रुळांवर गेलं. तपासणीला निघालेल्या हातट्रॉलीला जर्मनीत आजही ‘ड्रेझीने’ म्हणतात.