चेहरा खरा, खातं खोटं

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी दोन मोबाइल.)

दोन्ही फोनवर एकच चेहरा. तोच फोटो, तेच मोकळे केस, मागे तीच खिडकी. यातलं एक खातं तिचं आहे, पैसे घेऊन अ‍ॅडल्ट फोटो-व्हिडिओ दाखवणाऱ्या एका क्रिएटरचं. दुसरं कोण चालवतं, ते तिलाही ठाऊक नाही.

फोटोकडे कितीही निरखून बघा, फरक कळायचा नाही. फोटो खराच आहे, चोरलेला आहे एवढंच. नजर खाली आणा, नावावर.

(दृश्य : कॅमेरा युजरनेमच्या अगदी जवळ.)

इंग्रजी छोटा एल आणि मोठा आय, मोबाइलच्या बारीक अक्षरांत दोन्ही म्हणजे एक उभी रेघ. शून्य आणि ओ यांचंही तेच. आर आणि एन चिकटून आले की एम वाटतो. एका अंडरस्कोअरच्या जागी दोन टाकले, तर रेघ जराशी लांब दिसते, बस्स. काही ठिकाणी तर लपवाछपवीही नाही. नावाला सरळ 'प्रायव्हेट' किंवा 'बॅकअप' असं शेपूट जोडलेलं.

आता गोची अशी, की बॅकअप खातं खऱ्या क्रिएटरचंही असतं. अ‍ॅडल्ट कन्टेन्ट करणाऱ्यांची समाजमाध्यमावरची खाती कधी बंद पडतील याचा नेम नसतो, त्यामुळे अनेक जणी एक जादा ठेवतात. मग ओळखायचं कसं? बॅकअप खातं म्हणतं, 'मी तिचंच.' त्याला काही किंमत नाही. तिच्या जुन्या, मुख्य खात्यानं म्हणायला हवं, 'हे माझं.' लिंक कुठून कुठे जाते, ते बघायचं.

(दृश्य : रिंग लाइट. कीबोर्डवर हात. चेहरा चौकटीबाहेर.)

हे हात तिचे. चेहरा दाखवायचा नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तो पुरेसा वापरून झालाय.

ती काम करते ती ओन्लीफॅन्स, चाहत्यांनी पैसे भरून क्रिएटरचे फोटो-व्हिडिओ बघायची साइट, 2016 ची. तिथे क्रिएटर म्हणून कमवायचं तर सरकारी ओळखपत्र द्यावं लागतं, सोबत स्वतःचा सेल्फी. भामट्याची पंचाईत होते ती इथे. त्याच्याकडे तिचे फोटो ढीगभर आहेत, ओळखपत्र नाही. म्हणून तो दुकान बाहेर मांडतो. समाजमाध्यमावर फुकटचं खातं, तिथून टेलिग्राम, आणि मग पैशांची गोष्ट.

(दृश्य : चॅटचे स्क्रीनशॉट, एकामागून एक.)

'साइट माझे 20 टक्के कापते. तू थेट मला दे, निम्म्यात देते.' 20 टक्के कापतात हे खरं आहे, म्हणूनच वाक्य पटतं. पण व्यवहार बाहेर न्यायला साइटच्या नियमांत बंदी आहे, आणि नियम मोडला तर खातं जाऊ शकतं. 20 टक्के वाचवायला ती चालतं दुकान पणाला लावेल? त्यातून गिफ्ट कार्डचा नंबर किंवा क्रिप्टो मागितलं, तर आणखी शोध घ्यायची गरजच नाही.

हा दुसरा स्क्रीनशॉट बघा. इथे डाव उलटा आहे. 'हल्ली फसवणारे फार झालेत. आधी तू खरा आहेस हे सिद्ध कर.' चोरच साव होऊन बसलाय. खाली वयाच्या पडताळणीची लिंक, वर 'फुकट' असं ठळक लिहिलेलं, आणि आत गेल्यावर कार्डाचा नंबर मागणारा रकाना.

निळ्या टिकचा भरवसा धरणारे अजून आहेत. एप्रिल 2023 मध्ये ट्विटरनं, म्हणजे आजच्या एक्सनं, जुन्या पडताळलेल्या खात्यांच्या टिक काढायला सुरुवात केली. तिथे आता टिक महिन्याचे पैसे भरून मिळते.

(दृश्य : लॅपटॉप. फोटो उलट शोधात टाकला जातो.)

फोटोवरून फोटो शोधायची सोय जुनी आहे. त्यासाठीची टिनआय ही साइट 2008 पासून चालू आहे. पण नुसता फोटो टाकून भागत नाही. चोरणारे फोटो आडवा उलटवतात, आरशात दिसावा तसा. खालची पट्टी कापतात, कारण वॉटरमार्क, म्हणजे मालकाच्या नावाचा पुसट ठसा, तिथे असतो. म्हणून ती आधी फोटो पुन्हा सरळ करते, मग टाकते. निकाल बघा : एकच खिडकी, एकच चेहरा, पाच वेगळी नावं. यात सगळ्यात जुनी तारीख कुठली, ते शोधायचं. काहीच सापडलं नाही तर मात्र खातं खरं ठरत नाही. सबस्क्रिप्शनच्या आड असलेले फोटो शोधात येतच नाहीत.

सगळ्यात सोपी खात्री या सगळ्याच्या आधीच करता येते : मुख्य खात्यावर जाऊन तिलाच विचारायचं. अनोळखी माणसानं 'खरी असशील तर आत्ता व्हिडिओ कॉल कर' म्हणणं हा पुरावा मागणं नव्हे. तो तिच्या कामाचा वेळ फुकट मागणं आहे. आणि आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कॉलवर चालवताही येतो.

ज्यांचे पैसे कार्डातून गेले, त्यांनी बँकेला लगेच कळवावं. स्वतःचे फोटो पाठवले असतील आणि धमकी आली, तर पैसे न देता चॅट जपून पोलिसांकडे जावं.

(दृश्य : तक्रारीचा फॉर्म. कर्सर लुकलुकतोय.)

फोटो तिनं स्वतः काढलेले, म्हणजे कॉपीराइट तिचा. अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली ते उतरवायला सांगता येतं. खोट्या खात्याची लिंक. मूळ फोटोची लिंक. मग सही, नाव, संपर्काचा पत्ता. ही नोटीस पुष्कळदा समोरच्याला जशीच्या तशी पाठवली जाते. ज्यानं तिचा चेहरा चोरला, त्याला तिचं खरं नाव आणि पत्ता तिनंच कळवायचा. काही जणी यासाठी पैसे देऊन मध्ये एजंट ठेवतात.

ती अजून ठेवत नाही.

(दृश्य : पत्त्याचा रिकामा रकाना. हात कीबोर्डवरून उचललेले. निवेदन नाही.)