सोळा सालचा सिनेमा

नमस्कार श्रोतेहो.

वर्ष सरत आलं की सिनेमावेड्या माणसांना एक खुमखुमी येते. यंदाचा सर्वांत चांगला सिनेमा कोणता, यावर भांडायचं! डबा खाताना, लोकलमध्ये, थिएटरबाहेरच्या टपरीवर, जागा कुठलीही चालते. आज मी तुम्हाला अशाच एका जुन्या भांडणाबद्दल सांगणार आहे, 2016 सालच्या. मराठी सिनेमा पाहणाऱ्यांमध्ये इतकं हमरीतुमरीचं भांडण त्यानंतर माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि ते अजूनही मिटलेलं नाही.

वर्षाची सुरुवातच बघा. 1 जानेवारी 2016, शुक्रवार. वर्षाचा पहिला दिवस आणि त्याच दिवशी महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ लागला. आता शिरवाडकरांचं हे नाटक 1970 चं. गोवा हिंदू असोसिएशननं ते रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यातले म्हातारे नट गणपतराव बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे दत्ता भटांनी ती भूमिका केली. म्हणजे सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे एक भांडण तयारच होतं, लागू की दत्ता भट? त्यात आता नाना पाटेकरांची भर पडली. आमचा सिनेमावेड्यांचा एक गट आहे, त्यातले एक काका, जन्मभर नाटकं पाहिलेले, सिनेमा बघून बाहेर आले आणि म्हणाले, “नाना चांगलाच आहे रे, पण मी मनात सारखी तुलना करत बसलो होतो. त्यामुळे सिनेमा काही मी पाहिलेलाच नाही.” मला हे फार प्रामाणिक वाटलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा जाऊन आले.

आणि परत आल्यावर ते नानांबद्दल बोललेच नाहीत, विक्रम गोखल्यांबद्दल बोलले. नटाचा नट मित्र. रुग्णालयाच्या खाटेवर तो पडलाय, आणि हे दोन म्हातारे तिथेच कर्ण आणि कृष्णाचा प्रवेश करतात. ना रंगमंच, ना मेकअप, ना पडदा. घसा बसलेला, अंगात त्राण नाही, आणि तरी शब्द ओठांवर येताच पाठ ताठ होते. अख्खा सिनेमा बाजूला ठेवा आणि मला एवढा प्रवेश द्या, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. एकूण सिनेमा मला जरा जास्त रडका वाटतो, पण या प्रवेशापुढे मी गप्प बसतो.

मग आला 29 एप्रिल. ‘सैराट’.

त्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं काय सांगू? तालुक्याच्या गावांतून ट्रॅक्टर, जीप भरभरून लोक येत होते. ‘झिंगाट’ लागलं की पडद्यासमोर नाच, शिट्ट्या, काही ठिकाणी तर मध्यरात्रीनंतरचे खेळ. मराठी सिनेमाच्या नावापुढे शंभर कोटी हा आकडा तेव्हा पहिल्यांदा लागला. करमाळ्याकडची बोली, नाव कधी न ऐकलेली दोन पोरं, नागराज मंजुळे नावाचा दिग्दर्शक. आणि आधीच्या ‘फँड्री’ सिनेमाच्या वेळी ज्यांनी मंजुळेंना ‘फेस्टिवलवाला’ म्हणून सोडून दिलं होतं, तेच आता तिकिटासाठी रांगेत उभे!

तर डिसेंबरात आम्ही वर्षाची यादी करायला बसलो तेव्हा चुरस या दोघांत होणार हे उघड होतं. पण भांडण व्हायचं तिथे झालं नाही. ते झालं ‘सैराट’ आवडलेल्यांमध्येच. त्याचं असं आहे की, ‘सैराट’ आवडला असं कुणी सांगितलं की मी त्याला विचारतो, कुठला ‘सैराट’? मध्यंतरापूर्वीचा की नंतरचा? पहिल्या भागात विहिरीत मारलेल्या उड्या आहेत, बुलेटवरची नायिका आर्ची आहे, अजय-अतुलचा तो सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. सगळं मोठं, भरलेलं, रंगीत. मध्यंतरानंतर हैदराबाद. झोपडपट्टीतली एक खोली, खाली उघडं गटार, डोशाची गाडी, कारखान्यात बाटल्यांपुढे उभी राहिलेली पाटलांची लेक. प्रेमात पडलेली पोरं आता भांडतात, संशय घेतात, घरची आठवण काढून रडतात. गाणी जवळजवळ संपलेली. आमच्यातला एक जण चिडून म्हणाला होता, “दुसरा भाग कात्रीनं कापला असता तर बरं झालं असतं.” त्यावर आमच्या गटातली सर्वांत लहान मुलगी, तेव्हा कॉलेजात होती, एवढंच म्हणाली, “दादा, पहिला भाग तुम्ही आधीही शंभरदा पाहिलाय. दुसरा कुणी दाखवला होता?”

मी तिच्या बाजूचा. पहिल्या भागावर आपण नाचलो, पण सिनेमा दुसऱ्या भागानं उभा राहतो. आणि शेवट! माहेरहून माणसं आली आहेत, आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. चहा ठेवला जातो. शेजारीण लहानग्याला घेऊन बाहेर गेली आहे. तो परत येतो आणि तिथून पुढे पडद्यावर आवाजच नाही. मूल रडतंय ते दिसतं, ऐकू येत नाही. शेवटी फक्त त्याच्या पावलांचे ठसे. ज्या सिनेमाच्या गाण्यांनी गावोगावची लग्नं दणाणून सोडली, त्याच सिनेमानं शेवटी थिएटरात आवाज बंद केला. मी पाहिलं तेव्हा मागच्या रांगेतली शिट्टी मारणारी टोळी दिवे लागल्यावरही जागची हलली नव्हती.

इथवर दोनच नावं होती. पण 4 नोव्हेंबरला राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ लागला आणि यादीत गोंधळ झाला. एक म्हातारा रुग्णालयात अत्यवस्थ, कोकणातून आलेला अख्खा गोतावळा बाहेर जमलाय, आणि गणपती तोंडावर आलेत. म्हणजे मनात काळजी म्हाताऱ्याची आणि ओठांवर न येणारा प्रश्न सुतकाचा! असं घर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. या सिनेमाचं दुर्दैव असं, की चार दिवसांनी, 8 नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. लोक बँकेच्या रांगेत उभे, तिकिटाला सुटे कुठून आणणार? त्यात 23 डिसेंबरला ‘दंगल’ आला. ज्यांनी यादी आधीच करून ठेवली होती त्यांनी कपाळाला हात लावला.

आणि खरी गंमत पुढेच आहे. आमच्यात एक गृहस्थ आहेत, नियमावर बोट ठेवणारे. त्यांनी मुद्दा काढला, “सैराट 2016 चा नाहीच.” कसं काय? तर आर्ची झालेल्या रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तो 63 व्या पुरस्कारांत. हे पुरस्कार 2015 सालच्या चित्रपटांचे होते आणि ते जाहीर झाले मार्च 2016 मध्ये, म्हणजे सिनेमा लागण्याच्या आधी. राष्ट्रीय पुरस्कारांत साल मोजतात सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून, थिएटरात कधी लागला त्यावरून नाही. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेला मकरंद मानेंचा ‘रिंगण’ तर थेट 2017 मध्ये आपल्यापर्यंत आला. मग तो कुठल्या यादीत घालायचा?

याचं सर्वांत मोठं उदाहरण ‘कासव’. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. 2016 चं सुवर्णकमळ, देशातला सर्वोत्तम चित्रपट! ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर मराठीला मिळालेलं. आणि 2016 च्या डिसेंबरात आमच्यापैकी एकानंही तो पाहिलेला नव्हता. तो थिएटरात आला ऑक्टोबर 2017 मध्ये, मोजक्या ठिकाणी. कोकणचा किनारा, कासवांची पिल्लं, नैराश्यात बुडालेला एक तरुण मुलगा आणि त्याला काही न विचारता घरात घेणारी जानकी. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे. तुमच्या तालुक्याच्या टॉकीजला लागला होता का हो? मला नाही वाटत.

म्हणून मला या भांडणांतला एक भाग नेहमी खोटा वाटतो. आपण म्हणतो ‘वर्षातला सर्वांत चांगला’, पण भांडतो ते आपल्या गावापर्यंत पोचलेल्यांतल्या सर्वांत चांगल्यावर. एप्रिल 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवा असं सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ, मग बराच गदारोळ होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ. दुपारी साडेबाराचा खेळ प्राइम टाइम कसा, हे नोकरी करणाऱ्या माणसानं सांगावं! एखादा सिनेमा आठवडाभर असा दुपारी लागतो, दहा-बारा डोकी येतात, शुक्रवारी उतरतो, आणि डिसेंबरात त्याचं नाव कुणी घेत नाही. तो वाईट होता म्हणून नव्हे, कुणाला सुट्टी नव्हती म्हणून.

यावर आमच्या गटानं एक उपाय काढला. डिसेंबरात यादी करायचीच, त्याशिवाय करमत नाही. पण तीच यादी दोन वर्षांनी पुन्हा काढायची. 2016 ची यादी आम्ही 2018 च्या डिसेंबरात पुन्हा काढली. नाटकवाल्या काकांनी ‘नटसम्राट’वरून आपलं मत ‘कासव’ला दिलं, आणि कारण विचारलं तर सांगेनात. ‘व्हेंटिलेटर’ला पहिल्या वेळेपेक्षा जास्त मतं पडली, बहुतेकांनी तो मधल्या काळात घरी टीव्हीवर पाहिला होता. दुसरा भाग कापायला निघालेल्या गृहस्थांनी ‘सैराट’ला पहिला क्रमांक दिला, दुसऱ्या भागासकट. मीही ‘सैराट’लाच दिला. नियमवाल्यांनी मात्र मतच दिलं नाही. ‘सैराट’ला मत द्यायचं तर 2015 च्या यादीत द्या, म्हणाले, आणि ती वही आणायला घरी गेले.

नमस्कार.