कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालणारा डॉक्टर

नमस्कार मंडळी. आज जरा लांबच्या गावाला घेऊन जाते तुम्हाला. माझं लहानपण गेलं ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये, पाँटप्रीद नावाच्या गावात, तिथले लोक नुसतं पाँटी म्हणायचे. बाबा तिथे जीपी होते. साठच्या दशकात आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर तिकडच्या कोळशाच्या खोऱ्यांमध्ये गेले, त्यातलेच ते एक. टॅफ आणि रॉन्डा या दोन नद्या तिथे मिळतात, दोन्ही अंगांना डोंगर, डोंगराच्या पोटाशी एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा. खाणकामगारांना खाणीकडून कोळसा मिळायचा तो सरळ दारात आणून ओतायचे, मग घरातले सगळे बादल्या घेऊन तो मागे नेऊन टाकायचे.

आणि माणसं काय एकेक होती! तिथे आडनावं अगदी मोजकी, जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस, संपलं. एका गल्लीत चार डेव्हिड जोन्स निघाले तर ओळखायचं कसं? म्हणून मग धंद्यावरून नाव, दूधवाला तो जोन्स द मिल्क. डेव्हिडचं लाडाचं नाव डाय, आणि तोंडात मधोमध एकच दात उरलेल्या माणसाला म्हणे डाय सेंट्रल ईटिंग म्हणायचे, सेंट्रल हीटिंगच्या चालीवर. हा किस्सा खोऱ्यातल्या प्रत्येक गावात आमच्याच गावचा म्हणून सांगतात. मला विचाराल तर टोपणनाव हा मोठा मान आहे. गावाने तुमच्याकडे नीट बघितलंय, याचा तो पुरावा. आता बिल्डिंगमध्ये दारावर नुसता फ्लॅट नंबर असतो आणि शेजारी दहा वर्षं राहून कोण ते माहीत नसतं, हे मला खरंच आवडत नाही. असो.

आमच्या गल्लीत एक आजोबा होते, हिवाळ्यात त्यांचा स्वतःचा कोट उसवलेला असायचा पण शिकारी कुत्रीला मात्र नवं लोकरीचं जाकीट. एक बस कंडक्टर होता तो तिकीट फाडता फाडता चॅपलमधली भजनं म्हणायचा, आणि अर्धी बस त्याच्या मागून, तेही वेगवेगळ्या पट्टीत, सुरात! आणि शेजारी आमची बोपा. बोपा म्हणजे तिकडे नात्याची नसलेली मावशी. ऐंशीच्या घरातली, रोज सकाळी गुडघ्यावर बसून दाराची पायरी घासायची, मग पायरीसमोरचा फुटपाथही घासायची. पोस्टमनलासुद्धा ओल्यावर पाय टाकू द्यायची नाही, त्याने लांबूनच हात लांब करून पत्र द्यायचं. तिच्याकडे जाड काळा लोखंडी तवा होता, त्यावर मनुका घातलेले वेल्श केक भाजायची. तवा तापला का ते बघायला त्यावर चिमूटभर पीठ टाकायची, पीठ बदामी झालं की पहिला केक. तो पहिला केक माझा, आणि तो खाताना गोष्ट एकच. डॉक्टर प्राइसची.

तर ही गोष्ट नीट ऐका. डॉक्टर विल्यम प्राइस. जन्म 1800 चा. आमच्या गावात जहाजांच्या नांगराच्या साखळ्या करायचा मोठा कारखाना होता, ब्राउन लेनॉक्स, तिथल्या कामगारांनी त्याला आपला डॉक्टर म्हणून निवडलं होतं. कामगारांनी मतं देऊन डॉक्टर निवडला, त्या काळात! डोक्यावर कोल्ह्याचं अख्खं कातडं, शेपट्या मागे लोंबतायत, हिरवे कपडे, छातीपर्यंत दाढी. मोजे घालायचा नाही, मांस खायचा नाही, सिगारेट-तंबाखू ओढणाऱ्याला तपासायचा नाही, आणि हातात आलेलं प्रत्येक नाणं धुऊन घ्यायचा. 1839 मध्ये मतदानाच्या हक्कासाठी चार्टिस्टांचा उठाव झाला, तेव्हा त्यांच्या बाजूचा हा डॉक्टर फ्रान्सला पळाला, बाईचा वेष घालून पळाला असं सांगतात. स्वतःला ड्रुइड म्हणवायचा, म्हणजे तिथल्या फार जुन्या धर्माचा पुजारी.

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्याला मुलगा झाला. आई ग्वेनलियन, अगदी तरुण. मुलाचं नाव ठेवलं येशू ख्रिस्त, तिथल्या वेल्श भाषेत. आणि पाच महिन्यांचं ते बाळ गेलं. दहनाची तारीख होती 13 जानेवारी 1884, रविवार. जवळच्या लँट्रिसंटच्या टेकडीवर डॉक्टरने बाळाला अग्नी दिला. मंडळी, लक्षात घ्या, तिकडे सगळे पुरायचे. चॅपलमधून परतणाऱ्या लोकांनी टेकडीवर जाळ बघितला आणि धावले, पोलिसांनी ते बाळ ज्वाळांतून बाहेर काढलं, डॉक्टरला पकडलं. बोपा इथे नेहमी थांबायची, केक उलटायची, मग पुढे.

कार्डिफला खटला चालला. न्यायाधीश जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे नाव वकील मंडळींना ओळखीचं वाटेल, कारण आपला 1872 चा एव्हिडन्स अ‍ॅक्ट यांनीच लिहिला, 2024 पर्यंत आपल्याकडे तोच चालला. डॉक्टरने वकील घेतला नाही, स्वतःच उभा राहिला. आणि स्टीफनसाहेबांनी सांगितलं की दहन करणं हा गुन्हा नाही, इतरांना त्रास होत नसेल तर नाही. गुन्हा नाही! मग मार्चमध्ये त्याच टेकडीवर त्याने आपल्या बाळाचं दहन पूर्ण केलं. पुढे 1902 मध्ये ब्रिटनमध्ये दहनाचा कायदा झाला त्याची वाट इथून निघाली.

जानेवारी 1893 मध्ये तो स्वतः गेला, ब्याण्णव वर्षांचा. शेवटचं मागितलं काय तर शॅम्पेन. दोन टन कोळसा रचला होता त्याच टेकडीवर, आणि बघायला वीस हजार माणसं. बोपाचे वडील त्यात होते, साखळीच्या कारखान्यात काम करायचे, भल्या पहाटे अंधारात डोंगर चढून गेले. घरी आले तर कपड्यांना धुराचा वास, आणि तिच्या आजीने तो कोट आठवडाभर अंगणात टांगून ठेवला. वीस हजार माणसं, आणि बोपाला त्यातला तो एक कोट आठवायचा.

मी सात-आठ वर्षांची असेन, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, बोपा, आमच्याकडे तर सगळ्यांना असंच करतात. तिने उलथणं खाली ठेवलं. म्हणाली, मग तो वेडा नव्हता तर, बाख. बाख म्हणजे बाळा. त्याच संध्याकाळी बाबांना घरी बोलावून घेतलं आणि सगळं विचारून घेतलं, लाकूड किती, कोण अग्नी देतं, राख कुठे नेता. बाबा दवाखान्यातून दमून आलेले, तरी एक तास बसले.

वेल्समधलं पहिलं दहनगृह आमच्याच गावात झालं, ग्लिनटॅफला, 1924 मध्ये. बाबांना तिथेच निरोप दिला. बोपा तोवर नव्हती. त्यांचे जुने पेशंट आले होते, काळे सूट, हातात टोप्या, बाहेर पाऊस. तिथून जवळच डॉक्टर प्राइसने बांधलेली दोन गोल घरं अजून उभी आहेत. एक म्हातारे खाणकामगार माझ्या शेजारी छत्री धरून उभे होते, त्यांनी त्या घरांच्या दिशेने बोट केलं आणि म्हणाले, फार वर्षांपूर्वी इथे एक डॉक्टर होता, तुला माहितीये का? मी म्हटलं, सांगा ना. आणि त्यांनी कोल्ह्याच्या कातड्यापासून सुरुवात केली.