गाडीच्या पोटाखाली

(दृश्य: हर्णै बंदर. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, मागे रांगेत उभे टेम्पो.)

मासळी भरली की हे टेम्पो घाटाच्या रस्त्याला लागतील. बर्फ वितळतोय, मासळीचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून गळतंय. खाली काय आहे? चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, पाटे, म्हणजे एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि ब्रेकचे पाईप. घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडीचा भार पेलणारं सगळं लोखंड.

(दृश्य: पडवीसमोर उभी जुनी जीप.)

ही जीप माझ्या वडिलांची. वरून बघाल तर आजही चकचकीत. खंडेनवमीला हार, हळदकुंकू, सगळं व्हायचं. दर वर्षी पावसाळ्याआधी खालून काळा रंगही मारला जायचा. तरी एके सकाळी गावाच्या चढणीवरच मागचा पाटा चासीला धरणारा हँगर सुटला. गाडी हळू होती म्हणून निभावलं. मिस्त्रींनी तो काळा रंग स्क्रूड्रायव्हरनं टोकरला, तर पापुद्राच हातात आला. रंगाच्या खाली पत्रा उरलाच नव्हता.

रंग मारूनही गाडी खालून अशी का गंजली, तेच आज बघायचं आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर, मिठाची बरणी.)

जूनमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. आता हेच मीठ चासीच्या सांध्यात बसलंय असं समजा. कोकणातल्या हवेत ते सुकणार कधी?

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. पण पाण्यात मीठ मिसळलं की त्यातून वीज सहज वाहते, आणि गंजण्याची क्रिया कितीतरी वेगानं होते. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाट फुटली की त्याचे बारीक तुषार वाऱ्यावर गावात येतात. गाडी वाळूत न्यायलाच हवी असं नाही.

आपण दोष पावसाला देतो. खरं तर पावसाचं पाणी गोडं. बोनेट, टप यांवरचं मीठ तोच धुऊन नेतो. गाडीच्या पोटाला मात्र तो उलटा भेटतो, चाकानं उडवलेला लाल चिखल होऊन. तो चिखल मडगार्डच्या आत, स्प्रिंगच्या बैठकीत, चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या खोबणीत थापला जातो आणि ओल धरून ठेवतो.

(दृश्य: गॅरेज. गाडी रॅम्पवर. मिस्त्री हातोडीनं चासी ठोकून बघतायत.)

आवाज ऐका. ठण्ण आला तर लोखंड धड आहे. इथे मात्र बद्द वाजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये शिरला की तो पत्रे फाकवतो. पाट्यांच्या थरांतही तेच होतं.

वडिलांची चूक इथेच होती. गंजावर रंग मारला की मीठ आणि ओल आत कोंडते. डांबरी किंवा रबरी कोटिंगचंही तसंच. एकदा त्याला तडा गेला की आत पाणी शिरतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून आधी धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग तारेच्या ब्रशनं पापुद्रे खरवडायचे. उरलेल्या घट्ट गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं, गंजाला टिकाऊ थरात बदलणारं रस्ट कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि शेवटी कोटिंग. भोक पडलं असेल तर यातलं काहीच चालणार नाही. तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करायला हवा.

चासीच्या पेटीला आतूनही गंज लागतो. तिथे ब्रश पोचत नाही. लांब नळीनं मेणाचा फवारा मारतात. पाणी निचरायची भोकं मात्र उघडी राहिली पाहिजेत. ब्रेकच्या डिस्कवर आणि सायलेन्सरवर काही उडू द्यायचं नाही.

जळकं ऑइल फासायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मी ते करू नका असंच सांगेन. त्यानं सांध्यांतले रबरी बुश फुगतात, आणि ते गळून शेवटी आपल्याच विहिरीच्या आसपास मुरतं.

बोटीच्या बुडाला जस्ताच्या वड्या लावतात, मग गाडीला का नाही, असं अनेक जण विचारतात. बोट पाण्यात बुडालेली असते, म्हणून जस्त स्वतः झिजून सगळं बूड राखतं. हवेतल्या गाडीला ते साधत नाही. जस्ताचा थर पत्र्यावरच असेल, तरच त्याचा उपयोग.

(दृश्य: विहीर, पंपाचा पाईप.)

धुवायचं पाणी आधी चाखून बघा. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्या पाण्यानं गाडी धुणं म्हणजे मीठ पुन्हा लावणं. आम्ही आता वरच्या वाडीतून पाणी आणतो. पंधरा दिवसांतून एकदा पाईप खालून वर धरायचा, चाकांच्या आत, पाट्यांवर, चासीच्या प्रत्येक भोकात. नंतर गाडी उन्हात उघडी ठेवायची. प्लास्टिकचं कव्हर ओल्या गाडीवर कधीच घालायचं नाही.

(दृश्य: जीपच्या चासीखाली धरलेलं पांढरं घमेलं.)

पहिलं पाणी तांबडं. दुसरं गढूळ. तिसऱ्यांदा वडील घमेलं उजेडात धरून बघतायत.