काठी, कडप्पा आणि मढची फेरीबोट

नमस्कार श्रोतेहो.

एकांकिका करणारी पोरं हल्ली स्पर्धा संपली की शॉर्टफिल्मच्या मागे लागतात. संहिता असते, नट असतात, फोन तर प्रत्येकाच्या खिशात. पण काढलेलं बघायला बसावं, तर सगळे शॉट एकाच उंचीवरून, छातीशी फोन धरून घेतलेले. विचारलं की उत्तर ठरलेलं. कॅमेरा सरकवायची चाकांची ट्रॉली नव्हती, कॅमेरा वर-खाली नेणारा लांब दांडा, म्हणजे जिमी जिब, परवडत नाही, ड्रोन कुठून आणायचा?

परवडत नाही, कबूल. पण मुंबईत राहून हलता शॉट मिळत नाही, हे काही मला पटत नाही. इथे सगळंच कुठे ना कुठे निघालेलं असतं. त्यात बसायचं आणि हात तेवढे स्थिर ठेवायचे.

वर्सोव्याहून खाडी ओलांडून मढला जाणारी फेरीबोट घ्या. नायिकेला जेट्टीवर उभं करा आणि तुम्ही बोटीच्या मागच्या कडेला बसा. बोट सुटली की ती लहान होत जाते, दोन्ही बाजूंनी कोळ्यांच्या होड्या फ्रेममध्ये शिरतात आणि एवढा मोठा किनारा हळूहळू मागे सरतो. मात्र झूम करू नका, झूममध्ये प्रत्येक हिसका मोठा होऊन दिसतो. पलीकडे मढला मालिकांच्या बंगल्यांत क्रेन भाड्याने येते; तुमचं काम फेरीच्या तिकिटात झालेलं असतं. नायिकेला घ्यायला परत या, म्हणजे झालं.

सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे बेस्टची विजेवर चालणारी डबलडेकर जाते. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली, तर फोर्टचा रस्ता क्रेनवरून दिसावा तसा दिसतो. काचेत आपलंच प्रतिबिंब पडतं, म्हणून फोनभोवती काळी ओढणी धरायची. फोन काचेला टेकवायचा मात्र नाही, नाहीतर बसची थरथर थेट चित्रात उतरते.

आणि ट्रॉली? राउल कुतार या फ्रेंच छायाचित्रकाराने १९५९ साली पॅरिसमध्ये चक्क व्हीलचेअरवर बसून शॉट घेतले. मागून ढकलत होता खुद्द दिग्दर्शक. आपल्याकडे कितीतरी मंडळं आणि संस्था रुग्णांसाठी व्हीलचेअर अनामत रकमेवर देतात. कुणा आजारी माणसाला त्याच दिवशी लागणार नाही ना, एवढं आधी विचारा. ती फुटपाथवर नेऊ नका, पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात. इमारतीखालच्या पार्किंगची गुळगुळीत फरशी उत्तम. कॅमेरावाला बसलेला, त्यामुळे उंचीही आपोआप बदलते.

पण माझा सगळ्यात आवडता शॉट स्वयंपाकघरातला आहे. कडप्प्याचा ओटा कोरडा पुसून घ्या. त्यावर नॅपकिनची घडी, घडीवर किलोभर तूरडाळीची पिशवी आणि पिशवीत फोन आडवा रुतवून बसवायचा. भिंग ओट्यापासून चार बोटांवर आलं पाहिजे. आता नॅपकिनचं टोक धरून सावकाश ओढा. जवळचा मिठाचा डबा झरकन सरकतो, मागचं चहाचं आधण आरामात येतं आणि त्याही मागे उभी असलेली आई जवळजवळ जागची हलतच नाही. जवळचं भरभर आणि लांबचं हळू, या फरकामुळेच शॉट महागडा वाटतो. पुढे डबा ठेवला नाही, तर तीच ओढाओढ अगदी सपक दिसते.

ड्रोनचं म्हणाल, तर मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात, त्या भानगडीत पडू नका. चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खालचा चौक टॉप अँगलला छान मिळतो. आणखी पुढे जायचं असेल, तर उंच दोरीवर कपडे वाळत घालायची काठी घ्या. टोकाला मोबाइलचा क्लॅम्प घट्ट बांधा आणि फोनला वेगळी दोरी बांधून ती गॅलरीच्या गजाला अडकवा. ही दोरी विसरायची नाही. खाली माणसं असतात. काठीचं दुसरं टोक कमरेशी धरून हळूहळू उचललंत की तुमचा जिब तयार.

घरात ट्यूबलाइट असेल, तर चित्रात पट्टे फिरतात. आपली वीज पन्नास सायकलची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. फोनच्या प्रो मोडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

राहिली जागेची अडचण. दहा बाय बाराच्या खोलीत वाइड शॉट घ्यायला मागे सरकणार कुठे? कपाटाच्या आरशात बघा. माणूस आरशापासून पाच फुटांवर आणि तुम्ही चार फुटांवर असाल, तर कॅमेऱ्याच्या लेखी तो नऊ फूट लांब असतो. फोकसही आरशाच्या काचेवर नाही, आतल्या माणसावर लावायचा. नाहीतर सरळ गॅलरीत जा आणि खिडकीच्या गजांमधून आत पाहा. गज पुढे धूसर येतात, आतलं भांडण अधिकच खासगी वाटतं.

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. बाकी कुठेही असलात, तरी शॉट संपल्यावर लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. नट सुटकेचा निःश्वास टाकतो ना, एडिटिंगच्या वेळी पुष्कळदा तोच तुकडा उपयोगी पडतो.

नमस्कार.