आधी कोणते काम?

फिरत्या ओंडक्याला पाते लागते आणि लाकडाचा पातळ पदर अखंड सोलून निघतो. प्लायवूडचा जन्म इथे होतो; उद्योगाच्या नियोजनात गणित शिरले तेही अशाच यंत्रांच्या निमित्ताने. 1938 मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड उद्योगाने 26 वर्षांच्या लिओनिद कांतोरोविच या प्राध्यापकापुढे एक अडचण ठेवली. लाकडाचे प्रकार अनेक, सोलणारी यंत्रेही अनेक आणि प्रत्येक यंत्राचा वेग लाकडागणिक वेगळा. अशा वेळी कोणते लाकूड कोणत्या यंत्रावर चढवले, तर ठरलेल्या प्रमाणात सर्वाधिक माल निघेल? कांतोरोविच यांनी पुढच्याच वर्षी असे प्रश्न सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1947 मध्ये जॉर्ज डान्ट्झिग यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे अशा प्रश्नांचे उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारत नेणारी सिम्प्लेक्स पद्धत मांडली, आणि मर्यादित साधनांची सर्वांत चांगली वाटणी हिशेबाने काढता येऊ लागली.

वाटणीनंतर येतो क्रम, आणि तो अधिक अवघड आहे. आता एखाद्या कारखान्यातल्या शेजारशेजारच्या दोन यंत्रांकडे पाहा. डावीकडे भाग कापला जातो, उजवीकडे तोच भाग घासून मापात आणला जातो. समजा, एका कामाला कापण्यासाठी 2 तास आणि घासण्यासाठी 6 तास लागतात, तर दुसऱ्याला कापण्यासाठी 5 आणि घासण्यासाठी 1. पहिले काम आधी घेतले, तर दोन्ही कामे 9 तासांत हातावेगळी होतात. क्रम उलटा केला, तर उजवीकडचे यंत्र सुरुवातीचे 5 तास नुसते उभे राहते आणि तेवढ्याच कामाला 13 तास लागतात. यंत्रे तीच, माणसेही तीच. दोन यंत्रांच्या अशा रांगेत सर्वोत्तम क्रम लावण्याचा सोपा नियम एस. एम. जॉन्सन यांनी 1954 मध्ये सिद्ध केला. तिसरे यंत्र आले की तो नियम सहसा पुरत नाही.

नियोजन कक्षातल्या फळ्यावरची प्रत्येक रंगीत पट्टी म्हणजे एक काम. एकाच यंत्रावर 10 कामे लावायची म्हटली, तरी 36,28,800 क्रम संभवतात. 20 कामांसाठी ही संख्या 19 अंकी होते. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेला 10 कामे आणि 10 यंत्रांचा एक प्रश्न तर 1989 पर्यंत अभ्यासकांना पुरून उरला. संगणकही सगळे क्रम तपासत बसत नाही. शक्यतांच्या झाडावरची एखादी फांदी कितीही ताणली तरी हाती असलेल्या उत्तरापेक्षा चांगले काही देणार नाही, असे सिद्ध झाले की ती फांदी तो न चढताच छाटतो.

मात्र कोणती बंधने पाळायची, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि आमच्या मते या विद्येचा खरा कस इथे लागतो. रंगकाम विभागातले हे दृश्य सावकाश पाहण्यासारखे आहे. पांढऱ्यानंतर काळा रंग घ्यायचा असेल, तर नळी थोडी धुतली तरी चालते. काळ्यानंतर पांढरा घ्यायचा असेल, तर फवाऱ्याचे तोंड उघडून, कोपऱ्यात अडकलेला शेवटचा काळा थेंब निघेपर्यंत ते घासावे लागते. नोंदवहीत मात्र दोन्हींसाठी 'रंगबदल' असा एकच शब्द आणि एकच वेळ लिहिलेली असते. त्या आकड्यावर बेतलेले वेळापत्रक कागदावर निर्दोष असते आणि पहिल्याच पाळीत कोलमडते. हा फरक फोरमनला वर्षानुवर्षे ठाऊक असतो, पण त्याला विचारल्याशिवाय तो समीकरणात येत नाही. म्हणून नियोजकाने वही घेऊन आधी त्याच्या शेजारी उभे राहावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

क्रम सुधारला की थांबलेला माल वेळेवर निघतो, रात्रपाळीचे जादा तास घटतात आणि त्या तासांवर मिळणारी कमाईही घटते.

फळ्यावरची काळी पट्टी आता पांढरीच्या मागे सरकली आहे. फोरमन फवारा हातात घेतो, तोंड उजेडाकडे धरून एकदा निरखतो आणि पहिला पांढरा भाग टांगतो.