शॉकवेव्ह उपचार: रखडलेली दुरुस्ती आणि यंत्राची मर्यादा

श्रोतेहो, शॉकवेव्ह उपचारात शरीराबाहेरून दाबाच्या तीव्र लहरी देऊन हाडे, कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) आणि जखमा भरून येण्यास चालना दिली जाते. त्याची सुरुवात मात्र अस्थिरोगशास्त्रात झाली नाही, मुतखड्यावरील उपचारात झाली. आणि त्याच्याही मागे विमानविद्या होती. जर्मनीतील फ्रीडरिशहाफेन येथील डॉर्निअर या विमान कंपनीचे अभियंते ध्वनीपेक्षा वेगवान विमानांच्या पृष्ठभागावर पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने होणाऱ्या झिजेचा अभ्यास करत होते. अशा आदळण्यातून निर्माण होणारी दाबलहर घन पदार्थातून आत शिरते आणि पृष्ठभागापासून दूरही नुकसान करते, हे त्यांच्या लक्षात आले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या टबात बसवलेल्या रुग्णाचा मूत्रपिंडातील खडा या लहरींनी शरीराबाहेरून फोडला. पुढे या लहरींच्या वाटेत येणाऱ्या हाडावर त्यांचा काय परिणाम होतो, याची तपासणी प्राण्यांवर होऊ लागली, आणि तेथे हानीबरोबरच नवे हाड तयार झाल्याच्या खुणाही दिसल्या.

१९९१ मध्ये बल्गेरियातील वाल्चानोव आणि मिहायलोव यांनी उशिरा सांधणाऱ्या किंवा न सांधलेल्या अस्थिभंगांच्या ८२ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७० जणांची हाडे सांधली. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा लागतो. त्या काळात असे मानले जाई की, लहर हाडाच्या निबर झालेल्या कडांना सूक्ष्म तडे पाडते आणि जणू नवा अस्थिभंग झाल्यासारखे शरीर कामाला लागते. आज हे स्पष्टीकरण अपुरे ठरले आहे, कारण ज्या तीव्रतेला काहीही फुटत नाही त्या तीव्रतेलाही परिणाम दिसतो.

मग होते तरी काय? खऱ्या शॉकवेव्हमध्ये दाब काही नॅनोसेकंदांत वातावरणीय दाबाच्या शेकडो पट चढतो, लगेच उतरतो आणि काही मायक्रोसेकंद शून्याच्याही खाली जातो. या ऋण दाबात द्रवामध्ये अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. हा ताण पेशींच्या आवरणाला आणि आतल्या सांगाड्याला जाणवतो, आणि त्या यांत्रिक संदेशाचे रासायनिक संदेशात रूपांतर होते. तैवानमधील चिंग-जेन वांग यांच्या गटाने सशांच्या कंडरा आणि हाड यांच्या जोडावर या लहरी दिल्यानंतर तेथे नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्या वाढीस चालना देणारी प्रथिने वाढल्याचे २००३ मध्ये दाखवले. वेदना पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवरही परिणाम होतो. लहर स्वतः काही सांधत नाही. रखडलेली दुरुस्ती ती पुन्हा सुरू करून देते, असे मला वाटते. त्यामुळे दुरुस्ती जेथे रखडली आहे, तेथेच तिचा खरा उपयोग.

येथे यंत्रांविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. ‘फोकस्ड’ यंत्र ठिणगीने, विद्युतचुंबकाने किंवा पिझो स्फटिकांनी (विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकांनी) लहर निर्माण करून ती शरीरात ठरावीक खोलीवर एकवटते. ‘रेडिअल’ यंत्रात दाबलेल्या हवेने ढकललेली गोळी टोकावर आदळते आणि दाब त्वचेपासून आत पसरत, कमी होत जातो. त्याचा दाब कितीतरी कमी आणि चढण्याचा वेग हजारपट मंद, म्हणून भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ती शॉकवेव्ह नव्हेच. टाचेसारख्या उथळ जागी ती उपयोगी पडते, परंतु मांडीच्या हाडाच्या न सांधलेल्या भंगासाठी तिचा विचार करू नये. जाहिरातींत मात्र दोन्हींना एकच नाव असते, आणि रुग्णही यंत्र कोणते ते न विचारता ‘पॅकेज’चे पैसे भरून मोकळा होतो.

खांद्याच्या कंडरेत कॅल्शियम साठलेल्या रुग्णांवर गर्डेसमायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी मला विशेष बोधप्रद वाटते. तिच्यात १४४ रुग्णांचे तीन गट होते: जास्त तीव्रतेचे आघात, कमी तीव्रतेचे आघात आणि नुसता देखावा, म्हणजे परिणामकारक लहर न देता केलेला उपचाराचा आभास. पहिल्या दोन गटांना दिलेली एकूण ऊर्जा सारखीच होती. देखाव्यापेक्षा दोन्ही गट सरस ठरले, पण जास्त तीव्रतेचा गट अधिक सुधारला. म्हणजे प्रत्येक आघात किती तीव्र आहे यालाही स्वतंत्र महत्त्व आहे. याउलट टाचदुखीच्या १६६ रुग्णांवरील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत खरा उपचार आणि देखावा यांत फरकच आढळला नाही; दोन्ही गट सारखेच सुधारले. टाचदुखी बहुतेकांची काळानुसार आपोआप कमी होते, हे विसरून यशाचे दावे करणाऱ्यांनी ही चाचणी जरूर वाचावी. त्यानंतरच्या काही चाचण्यांत टाचदुखीला फायदा दिसला आहे. म्हणून ताण देण्याचे व्यायाम, योग्य पादत्राणे आणि विश्रांती यांना काही महिने दाद न देणाऱ्या दुखण्यासाठीच हा उपचार राखून ठेवावा, असे माझे मत आहे. टेनिस एल्बोबाबतचा, म्हणजे कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्याबाबतचा, पुरावा त्याहून कमकुवत आहे.

साधारणपणे आठवड्याला एक अशी तीन ते पाच सत्रे दिली जातात आणि प्रत्येकात सुमारे दोन हजार आघात असतात. जेथे लहरी द्यायच्या ती जागा भूल देऊन बधिर करू नये. भूल नसेल तर रुग्ण दुखरी जागा नेमकी दाखवू शकतो हे एक कारण, आणि भुलेमुळे परिणाम घटतो असेही चाचणीत दिसले आहे. परिणामाचा अंदाज तिसऱ्या महिन्याच्या आसपास घ्यावा. पहिल्या सत्रानंतर लगेच वाटणारा आराम हा ऊती भरून आल्याचा पुरावा नसतो.

जखमांच्या क्षेत्रात मधुमेहींच्या पायावरील व्रणांसाठीच्या एका शॉकवेव्ह यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१७ मध्ये परवानगी दिली. त्यामागील दोन अभ्यासांत मिळून ३३६ रुग्ण होते. नेहमीच्या शुश्रूषेबरोबर हा उपचार मिळालेल्यांपैकी ४४ टक्क्यांचे व्रण २४ आठवड्यांत भरले, तर देखाव्याच्या गटात ३० टक्क्यांचे. फरक लक्षणीय आहे, पण निम्म्याहून अधिक व्रण तरीही उघडेच राहिले. साखर नियंत्रण, जखमेवरील भार काढणे आणि पायाचा रक्तपुरवठा तपासणे यांतले काहीही या उपचारामुळे टळत नाही.

ऊतींतून सहज जाणारी लहर हवेच्या सीमेवर जवळजवळ पूर्ण परावर्तित होते आणि तेथील नाजूक ऊतींना इजा करते. म्हणूनच त्वचेवर जेल लावतात आणि फुफ्फुसाच्या दिशेने लहर कधीही देत नाहीत. उपचाराच्या जागी कर्करोगाची गाठ असल्यास, गर्भ लहरीच्या वाटेत येत असल्यास किंवा रक्त गोठण्याचा गंभीर विकार असल्यास हा उपचार देऊ नये, आणि वाढत्या मुलांच्या हाडांच्या वाढचकत्यांवर (हाडाच्या टोकाजवळच्या, जेथून हाड लांबीने वाढते त्या भागांवर) तीव्र लहरी टाळाव्यात. त्याच जागी नुकतेच स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर तेही आधी सांगावे, कारण अशी कंडरा काही आठवडे कमकुवत असू शकते.